चोराच्या माश्या: एका अर्धवट चित्रपटाच्या सव्वाअकरा मिनिटांची डागडुजी

८ जानेवारी २०२३

टेप मिळाली, व्हीसीआर मिळाला, पण दोघांचं एकमेकांशी पटलं नाही. मोडीतून उचललेला व्हीसीआर. त्याच्या आतलं रबरी रूळ दगडासारखं कडक झालेलं होतं आणि त्याने पहिल्या पाच मिनिटांत टेपची सुरुवात चावून ठेवली. नशीब, तिथे नुसता काळा पडदा होता. नियम क्रमांक एक, जो मला माहीत असूनही मी पाळला नाही: महत्त्वाची टेप घालण्याआधी एखादी फुकट जाईल अशी टेप घालून बघा.

काम काय आहे ते थोडक्यात लिहून ठेवतो. अॅनिमेटर रिचर्ड विल्यम्सने १९६४ मध्ये लंडनमध्ये एक अॅनिमेशनपट करायला घेतला. पुढे त्याचं नाव 'द थीफ अँड द कॉब्लर', म्हणजे चोर आणि मोची, असं झालं. जाहिरातींच्या कमाईवर तो वर्षानुवर्षं रखडत चालला. 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' (त्याच्या अॅनिमेशनचा दिग्दर्शक विल्यम्सच) गाजल्यावर मोठ्या स्टुडिओचा पैसा आला, त्याबरोबर मुदतही आली. मुदत हुकली. १५ मे १९९२ ला, दहा-पंधरा मिनिटांचं काम उरलेलं असताना, चित्रपट त्याच्या हातून काढून घेण्यात आला. दुसऱ्यांनी तो स्वस्तात पुरा केला, गाणी घातली, बराच छाटला. १९९३ मध्ये एक आवृत्ती ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत लागली, १९९५ मध्ये आणखी कापलेली दुसरी अमेरिकेत. मूळ चित्रपटात मोची जवळपास मुका होता; शेवटी एकच वाक्य बोलायचा. या दोन्ही आवृत्त्यांत त्याला बोलतं केलं. तोंडात खिळे धरून बसलेल्या माणसाला बोलायला लावायचं, याला काय म्हणावं.

विल्यम्सच्या हातून चित्रपट जाण्याआधीची, मे १९९२ ची कार्यप्रत मात्र टेपवरून टेपवर उतरत चाहत्यांमध्ये फिरत राहिली. तिच्यात रंगवलेले शॉट आहेत, नुसत्या पेन्सिलीतले आहेत आणि जिथे काहीच झालं नव्हतं तिथे कथाचित्रं चिकटवलेली आहेत. अख्खा चित्रपट त्या प्रतीच्या आधाराने पुन्हा जुळवायचं काम चाहत्यांनी आधीच केलेलं आहे. 'रिकॉबल्ड कट' २००६ मध्ये आला आणि २०१३ पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या झाल्या. त्याच्याशी स्पर्धा करायची माझी ऐपत नाही. मी तीनच तुकडे घेतले: काळ्या-पांढऱ्या महालातला पाठलाग, वाळवंटातल्या प्रवासाचे काही पेन्सिलीतले शॉट आणि युद्धयंत्राचा नाश. मिळून ६७५ सेकंद, म्हणजे १६,२०० फ्रेम. विकायचं नाही, कुठे टाकायचंही नाही. करताना काय बिघडतं तेवढं मात्र लिहायचं.

१५ जानेवारी

दुसरा व्हीसीआर आणला. एस-व्हीएचएस, आत टाइम बेस करेक्टर, म्हणजे हलणाऱ्या ओळी सरळ करणारं यंत्र, असलेला. पैशाच्या दृष्टीने सगळ्या कामातला हाच मोठा खर्च, पण इथे कंजूषी करू नका. टेपच्या ओळी डावी-उजवीकडे हलतात. अॅनिमेशनमध्ये त्या लगेच दिसतात, कारण खांबाची रेघ सरळ असायला हवी हे डोळ्याला ठाऊक असतं.

लॉसलेस कॅप्चर, म्हणजे टेपवरचं चित्र काहीही न गमावता संगणकात उतरवणं. तासाला साधारण ३५ जीबी. तळाच्या आठ-नऊ ओळींत व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड बदलताना येणारी चिंधी दिसते. ती कापून टाकायची, दुरुस्त करायला जायचं नाही. मी दोन संध्याकाळी दुरुस्त करायचा प्रयत्न केला. का केला ते विचारू नका.

२२ जानेवारी

पहिलं सगळं कॅप्चर फेकलं.

पेन्सिलीतले शॉट बघताना वाटत होतं, या चित्रकाराने रेघा किती मोजक्या काढल्यात! उंटाच्या पायाखाली सावली नाही, कपड्याला चुण्या नाहीत. मग सहज म्हणून व्हीसीआर थेट जुन्या टीव्हीला जोडून तोच शॉट बघितला. चुण्या होत्या, सावली होती, पायांच्या कमानी आखलेल्या पुसट वर्तुळाकार रेघासुद्धा होत्या. माझ्या कॅप्चर कार्डाने कॉन्ट्रास्ट आपल्या मनाने वाढवला होता. कागदाचा पांढरा रंग वरच्या टोकाला जाऊन चिकटला आणि त्याबरोबर फिकट पेन्सिल पुसली गेली. एकदा असं कापलं गेलं की नंतर कितीही अंधारा करा, ते परत येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

उपाय सोपा: कार्डाच्या सेटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट खाली आणायचा, इतका की पडद्यावर चित्र मरगळलेलं दिसेल. हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) लावून सगळ्यात पांढरी फ्रेम शोधायची आणि तिच्या उजवीकडे मोकळी जागा राहतेय का ते बघायचं. ही तपासणी पेन्सिलीच्या शॉटवरच करा. रंगीत शॉटवर सगळं ठीकच दिसतं, मीही तिथेच फसलो.

वाया गेलेला वेळ: आठ दिवसांच्या संध्याकाळी.

५ फेब्रुवारी

तीच टेप तीनदा कॅप्चर केली आणि प्रत्येक बिंदूचा मध्यक, म्हणजे तीन किमतींतली मधली, घेतला. वाचताना होणारी खरखर दर वेळी वेगळी असते, ती मध्यकात गळून पडते. टेपवरच कोरली गेलेली खरखर तशीच राहते. माझी प्रत कितव्या पिढीची आहे कोण जाणे, पण एवढ्यानेही फरक डोळ्याला कळला. कार्डाने वाटेत एखादी फ्रेम गाळली तर तिन्ही कॅप्चर पुढे जुळत नाहीत. गाळलेल्या फ्रेमचा आकडा शून्य नसेल तर ते कॅप्चर सरळ पुसा. मी एकदा एका फ्रेमसाठी डोळेझाक केली आणि पुढच्या चार मिनिटांत जिथे काही हलत होतं तिथे खरखर परत आली.

१९ फेब्रुवारी

दोन आठवडे फ्रेम मोजण्यात गेले.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धतीची) टेप जवळपास ३० फ्रेमची. टेपवर उतरवताना चार फ्रेमच्या पाच करतात, पहिल्या फ्रेमची दोन फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), दुसरीची तीन, अशा आलटून-पालटून पद्धतीने. परत २४ वर यायचं तर आधी फील्ड जुळवायची, मग दर पाचातली एक जादा फ्रेम टाकायची. व्हापूरसिंथ या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार फिल्टर आहे. तो पाचातली मागच्याशी सगळ्यात सारखी फ्रेम शोधतो आणि टाकतो.

विल्यम्सच्या रंगीत शॉटवर त्याने लोण्यासारखं काम केलं. कारण या चित्रपटातलं बहुतेक अॅनिमेशन एक-एकवर आहे, म्हणजे सेकंदाला चोवीस वेगळी चित्रं. दोन सारख्या फ्रेम आल्या तर त्या नक्की टेपनेच आणलेल्या. पण पेन्सिलीतल्या एका शॉटमध्ये प्रत्येक चित्र दोन-दोन फ्रेम थांबत होतं. तिथे फिल्टर गोंधळला. खरी जोडी कुठली नि टेपने केलेली कुठली हे त्याला कळेना. त्याने भलतीच फ्रेम टाकली आणि उंट लंगडायला लागला.

मग मी शॉटगणिक हाताने ठरवायला बसलो, या शॉटमध्ये पाचातली तिसरी टाकायची, त्यात पहिली. चाळीस शॉट झाले तेव्हा वही बघितली. सगळीकडे एकच आकडा. अर्थात! कार्यप्रतीची कापाकापी फिल्मवर झाली होती, टेपवर नाही. अख्खं रीळ एका दमात टेपवर उतरलं, त्यामुळे पाचाची लय कटवरून न तुटता पुढे जाते. ती फक्त रीळ बदलतं तिथे आणि टेप खराब आहे तिथे तुटते. माझ्या तुकड्यांत एकूण चार जागी. हुशार फिल्टर बंद केला आणि 'पाचातली अमुक टाक' एवढं सांगणारी साधी ओळ लिहिली. उंट सरळ चालू लागला.

हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी

१९९३ ची आवृत्ती पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्हीची. २४ फ्रेमचा सिनेमा तिथे सरळ २५ ने पळवतात. म्हणजे माझी ६७५ सेकंदं तिथे ६४८ मध्ये उरकतात आणि आवाज सुमारे ०.७ सेमीटोन चढतो. चित्रासाठी फक्त फाइलला सांगायचं, 'तू २४ ची आहेस.' एकही फ्रेम टाकायची किंवा घालायची गरज नाही. आवाज तेवढाच सावकाश करायचा, म्हणजे सूरही आपोआप उतरतो. सूर कायम ठेवून लांबी बदलणारं साधन वापरू नका, इथे नेमकं उलटं हवं आहे. झालं एवढंच. सगळ्या कामातली ही एकमेव गोष्ट अर्ध्या तासात झाली.

५ मार्च

तक्ता तयार. ९४ शॉट, प्रत्येकापुढे तीन रकाने: कार्यप्रत, १९९३, १९९५ ची रुंद पडद्याची डीव्हीडी. प्रत्येकाची पहिली फ्रेम, शेवटची फ्रेम, शेरा. चित्र सगळ्यात चांगलं डीव्हीडीचं, पण तीच सगळ्यात जास्त कापलेली. ९४ पैकी ३७ शॉट तिच्यात पूर्ण आहेत, २२ अर्धवट, बाकी नाहीतच. 'अर्धवट' हा रकाना मला पुढे छळणार हे आज दिसतंय.

एक सूचना. शॉटना आकडे देऊ नका, नावं द्या. 'शॉट ५७' तीन आठवड्यांनी आठवत नाही. 'चोर नळीत शिरतो' आठवतं.

१९ मार्च

साफसफाई पूर्ण! डाग काढणारा फिल्टर लावला. तो प्रत्येक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडतो. एखादा ठिपका एकाच फ्रेममध्ये असेल आणि आजूबाजूचं चित्र स्थिर असेल, तर तो डाग समजून भरून टाकतो. टेपवरचे पांढरे ओरखडे, डीव्हीडीतली फिल्मवरची धूळ, सगळं गेलं. युद्धयंत्राचा तुकडा तर कालच रंगवल्यासारखा दिसतोय. रात्री दोन वाजेपर्यंत नुसता बघत बसलो.

२६ मार्च

आवाजाचं काम मावसबहीण करणार आहे. तिला चित्र पाठवलं. संध्याकाळी फोन.

"दादा, चित्र झकास झालंय. पण माश्या कुठे गेल्या?"

"कसल्या माश्या?"

"चोराभोवतीच्या. तो येतो तिथे माश्या घोंघावतात ना? मी घूंऽऽ असा आवाज काढून ठेवलाय, आणि आता तो लावायचा कुणाला?"

मी फाइल उघडली. चोर आला. वाकला, हात लांबवला, बोटं नाचवली. एकही माशी नाही.

मूळ चित्रपटात चोराचा एक शब्दही नसतो. तो कोण आहे हे सांगायला त्याच्याकडे लांब बोटं आहेत, हावरी नजर आहे आणि डोक्याभोवती फिरणाऱ्या माश्या आहेत. या माणसाला वास येतो, हे त्या दहा-बारा काळ्या बिंदूंनी सांगून टाकलेलं असतं. मी त्याला आंघोळ घालून आणला होता.

का झालं ते लगेच कळलं आणि त्याचं जास्त वाईट वाटलं. माशी लहान, काळी, आणि दर फ्रेमला नव्या जागी. फिल्टरच्या व्याख्येनुसार डाग म्हणजे नेमकं हेच. माश्या दोन-दोनवर काढल्या असत्या तर प्रत्येक माशी दोन फ्रेम एका जागी थांबली असती आणि वाचली असती. माशीसुद्धा चोवीस वेळा वेगळी काढायची, हा विल्यम्सचा हट्टच तिच्या मुळावर आला. आणि मी आठवडाभर, अक्षरशः, माश्या मारत होतो.

बहीण म्हणाली, "हसू की रडू?" मी म्हटलं, तू हस, मी बॅकअप शोधतो. बॅकअप होता. एवढं तरी केलं होतं.

९ एप्रिल

माश्या परत आणायचे तीन प्रयत्न, क्रमाने.

पहिला: चोराभोवती हाताने मुखवटा काढायचा आणि त्याच्या आत फिल्टर बंद ठेवायचा. चाललं, पण मुखवट्यात डागही राहिले. चोर स्वच्छ महालात आपल्यापुरता धुळीचा ढग घेऊन फिरतोय असं दिसायला लागलं. तसं ते त्याला शोभत होतं, पण खोटं होतं. गेलेला वेळ: १९ तास.

दुसरा: आकारावरून ओळखायचं. टेपवरचा ओरखडा आडवा आणि लांबट असतो, कारण टेप ओळीओळीने वाचली जाते. माशी बुटकी, गोलसर. रुंदी उंचीच्या चौपटीहून जास्त असेल तरच काढ, असं सांगितलं. टेपच्या शॉटसाठी हे उत्तम. पण डीव्हीडीतली धूळ फिल्मवरची आहे, तिला आकाराचं बंधन नाही. बारीक धूळ आणि माशी अगदी सख्ख्या बहिणी दिसतात.

तिसरा: शॉट दोन्हीकडे असेल तर दोन्ही प्रती एकावर एक ठेवायच्या. दोन्ही प्रतींत त्याच जागी आहे ती माशी, एकीतच आहे तो डाग. टेप कितीही वाईट असली तरी 'इथे काहीतरी काळं आहे' एवढी साक्ष ती देते. धूळ मूळ निगेटिव्हवरच असेल तर ती दोन्हीकडे दिसेल आणि वाचेल. असू दे, तिचाही इतिहास आहे.

हे सुचल्यावर ५९ शॉटचं काम नऊ तासांत संपलं. ज्या टेपला मी तीन महिने शिव्या देत होतो, ती साक्षीदार म्हणून कामी आली.

२३ एप्रिल

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मशीन लर्निंगवाला अपस्केलर, म्हणजे लहान चित्र मोठं करताना तपशील स्वतःच भरणारं साधन, लावून बघितला.

काळ्या-पांढऱ्या महालातला पाठलाग हा त्याच्यासाठी सगळ्यात वाईट तुकडा आहे हे मला माहीत होतं. तिथे जमीन, भिंत आणि जिना सगळं चौकटींचं, नजर फसवणारं. कुठली बाजू वर नि कुठली खाली हे कळू नये म्हणूनच काढलेलं. माणूस फसतो तर मशीनची काय कथा. फरशीच्या लांबच्या चौकटी टेपवर आधीच एकमेकींत मिसळलेल्या. अपस्केलरने तिथे आपल्या कल्पनेने नक्षी भरली, दर फ्रेमला वेगळी. थांबवलेल्या फ्रेममध्ये सुंदर, चालू केलं की फरशी उकळायला लागते. आणि चोराच्या बोटांना त्याने नखं काढून दिली. न मागता.

शेवटी साधं ताणून मोठं केलं, थोडी धार दिली, बस. मऊ दिसतं. मऊ तर मऊ.

७ मे

आवाज. हा भाग बहिणीचा, मी नुसता हमाल.

कार्यप्रतीचा आवाज मोनो, खरखरीत, आणि टेपच्या वेगाबरोबर हेलकावे खाणारा. संगीत तात्पुरतं, आधीच्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणांतून उसनं घेतलेलं. १९९५ च्या आवृत्तीचा आवाज स्वच्छ, पण तिथे चोर मनातल्या मनात अखंड बडबडतो. ओठ मिटलेले आणि तोंडाचा पट्टा चालू.

तिने आधी डाव्या चॅनेलमधून उजवा वजा केला. मधोमध ठेवलेली बडबड जायला हवी. गेली, पण मधोमध ठेवलेली पावलं, दोराची करकर, चेंडूचा आपटण्याचा आवाज हे सगळंही गेलं. मग बोलणं वेगळं करणारं साधन लावलं. त्याने बडबड बऱ्यापैकी काढली, पण बुटाच्या तळव्याची चिरचिर हे माणसाचं बोलणं आहे असा त्याचा समज झाला. मोच्याच्या सिनेमात बुटाचा आवाज घालवणं म्हणजे कमालच.

तोडगा असा निघाला: पाया कार्यप्रतीचा. जिथे बडबड नाही अशा फटींतून डीव्हीडीचे आवाज उचलून फक्त वरच्या पट्टीत हलकेच मिसळायचे. एका जागी फट सापडली नाही, तिथे कार्यप्रतीची खरखर तशीच ठेवली. तिचा आग्रह असा की खरखर एकदम बंद करायची नाही, सगळ्या तुकड्याभर थोडी-थोडी राहू द्यायची. कान सततच्या खरखरीला सरावतो, अचानक आलेल्या शांततेला दचकतो. बरोबर होतं तिचं. मी तीन ठिकाणी गुपचूप बंद केली होती, तिने तिन्ही ऐकून ओळखल्या.

२१ मे

या नोंदीतलं काम अंतिम प्रतीत नाही, तरी लिहितो, कारण हा मोह प्रत्येकाला होणार.

पेन्सिलीतला एक तीन सेकंदांचा शॉट रंगवायला घेतला. ७२ फ्रेम. आधीच्या-नंतरच्या शॉटमधून रंग उचलले, मागचं वाळवंट शेजारच्या शॉटमधून ताणून घेतलं. ४१ तास लागले. लावून बघितला, ओळखू येणार नाही इतका बसला. मित्राला दाखवला, त्याला कळलंही नाही.

तिथेच घोडं अडलं. त्याला कळलं नाही, म्हणजे ही रंगसंगती विल्यम्सची आहे असंच तो समजणार. पेन्सिलीच्या चित्रात एका बाहीला तीन रेघा आहेत. त्यातली खरी कुठली आणि चाचपडताना काढलेली कुठली हे स्वच्छ रेघ काढणारा ठरवतो. ७२ फ्रेममध्ये ते मी ठरवलं होतं. १९९३ मध्ये ज्यांनी चित्रपट पुरा केला त्यांनीही हेच केलं होतं. त्यांना निदान त्याचे पैसे मिळाले.

शॉट काढून टाकला, पेन्सिल परत लावली. रंगीत चित्रातून एकदम पांढऱ्या कागदावर उडी बसते. त्यावर एकच मलम लावलं: कागदाची उजळी थोडी खाली आणली, म्हणजे अंधारात बघणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. कागदाच्या कडा, भोकांच्या सावल्या, कोपऱ्यातले आकडे, सगळं ठेवलं.

४ जून

'अर्धवट' रकान्यातले २२ शॉट. डीव्हीडीवर शॉट सुरू होतो, मध्येच कापला जातो आणि उरलेला फक्त टेपवर. जोड दिला की चोर चालता-चालता धुक्यात शिरल्यासारखा दिसतो.

आधी डीव्हीडीच्या शेवटच्या बारा फ्रेम हळूहळू मऊ करत नेल्या. जोड लपला, पण नजर धुसर झाल्यासारखं वाटलं, चष्मा उतरल्यागत. मग ठोकताळा ठरवला: टेपवरचा भाग शॉटच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल तर अख्खा शॉट टेपचा घ्यायचा, कमी असेल तर जोड एखाद्या जोरदार हालचालीवर द्यायचा, चक्र कोसळतं तिथे, तोफ उडते तिथे. युद्धयंत्रात अशा जागांना तोटा नाही. एका खिळ्याने सुरू झालेला कोसळण्याचा सिलसिला आहे तो. दर दोन सेकंदांनी काहीतरी आदळतंच. आणि या सगळ्यातून चोर तीन सोन्याच्या गोळ्यांमागे शांतपणे चालत असतो.

२२ पैकी १४ शॉट पूर्ण टेपचे झाले. म्हणजे चांगलं चित्र हाताशी असताना मी वाईट वापरलं. पहिल्यांदा जिवावर आलं. आता बघताना टोचत नाही.

जोडताना दोन प्रतींची चौकटही जुळवावी लागली. टेपचं चित्र किंचित आडवं ताणलेलं आणि वर सरकलेलं. एखादा खांब किंवा मनोरा धरून आकडे काढा, माणसं धरून नको. माणसं हलतात.

१८ जून

संपलं म्हणावं लागेल. हिशोब: २३ आठवडे, माझे साधारण ३४० तास, बहिणीचे ७० (तिच्या मते ९०). डिस्कवर १.६ टीबी, त्यातली निम्मी फेकलेल्या प्रयत्नांची. वाया गेलेल्या तासांचा वेगळा रकाना ठेवला होता, त्याची बेरीज करायचं टाळलंय.

बाकी उरलेलं काम: दुसऱ्या रिळाच्या जोडाजवळ दोन फ्रेम कमी आहेत, टेपवरच नाहीत. पाठलागात एका ठिकाणी आवाज अर्धी फ्रेम मागे आहे; बहिणीला ऐकू येतं, मला नाही.

आणि काल रात्री शेवटचं बघताना तिचा निरोप आला: "४,३१२ मध्ये पाच आहेत, ४,३१३ मध्ये चार. पाचवी कुठे?" दोन्ही फ्रेम मोठ्या करून बघितल्या. डीव्हीडीत चारच. टेपवर पाचव्या जागी एक करडा डाग आहे. माशी असेल, किंवा धूळ. तिला लिहिलं, उद्या मूळ कॅप्चर उघडून बघतो.